घरच्या घरी मेस्काल आणि ग्रेपफ्रूट (नसेल तर आपलं पपनस): पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

आधी कबुली देतो. मी पहिल्यांदा केलेलं हे ड्रिंक पातेल्यासकट सिंकमधे ओतलं होतं. मेस्काल म्हणजे धुराच्या वासाची दारू एवढंच तेव्हा डोक्यात होतं, म्हटलं धूर हवाय ना, मग डाळीला देतो तसा धुंगार देऊ की. कोळसा लाल केला, वाटीत ठेवला, वाटी रसावर तरंगत सोडली, कोळशावर चमचाभर तूप आणि वर झाकण. दोन मिनिटांनी वाटी उचलताना हात हलला, तूप सांडलं, आणि बर्फामुळे रस इतका गार होता की ते जागच्या जागी थिजलं, गुलाबी पाण्यावर पांढऱ्या कण्या. वास थेट ढाब्यावरच्या डाळीचा. बायको म्हणाली, आता जिऱ्याची फोडणीच दे.

नंतर कामानिमित्त तीन वर्षं ह्यूस्टनला होतो, तिथे शेजारी मेक्सिकोतल्या वाहाकाचे एक काका राहायचे (स्पेलिंग बघून सगळे ओअक्साका वाचतात, उच्चार वाहाका) आणि हा किस्सा ऐकून ते इतके हसले की डोळ्यात पाणी आलं. म्हणाले, धूर तर बाटलीत आधीच आहे, तो बिघडवायचा नाही एवढंच तुझं काम. खाली जे लिहिलंय ते त्या एका वाक्यावरच आहे.

१. धूर येतो कुठून, हे आधी कळू दे

आपल्याकडे बांधावर, रेल्वेच्या कडेला घायपात असते बघा, जिच्या पानांचा वाख काढून दोर वळतात, तिच्याच कुळातल्या झाडांपासून मेस्काल होते. पानं छाटून मधला गड्डा काढतात, अननसासारखा दिसतो म्हणून त्याला तिकडे पिन्या म्हणजे अननसच म्हणतात. जमिनीत खड्डा, त्यात लाकडं पेटवून दगड तापवायचे, त्यावर हे गड्डे रचायचे, वरून चोथा, चटया, माती टाकून खड्डा बुजवायचा आणि तीन ते पाच दिवस विसरून जायचं. अलिबागकडची पोपटी खाल्ली असेल तर वेगळं समजवायला नको. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा बंद होतात आणि धूर आपला आपण आत मुरतो, कोणी वरून देत नाही. मग ते भाजलेले गड्डे दगडी चाकाखाली चिरडतात (चाक ओढायला घोडा नाहीतर खेचर), आंबवतात आणि बहुतेक दोनदा ऊर्ध्वपातन करतात. नाहुआत्ल भाषेतल्या मूळ शब्दाचा अर्थच भाजलेली घायपात असा आहे.

टकीलापण घायपातीचीच, पण फक्त निळ्या जातीची, आणि ती सहसा वाफेवर शिजवतात म्हणून तिला धूर नाही. एवढा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणि कृपा करून बांधावरची घायपात तोडून घरी काही करायला जाऊ नका. कच्चा चीक अंगाला लागला की भयंकर खाज सुटते, आणि घरी दारू गाळणं बेकायदा तर आहेच पण जिवावर बेतणारं आहे.

२. करण्याआधी तीन गोष्टी तपासा

गोळ्या. ही सगळ्यात महत्त्वाची आणि कोणीच सांगत नाही. ग्रेपफ्रूटमुळे काही औषधं रक्तात प्रमाणाबाहेर वाढतात, कोलेस्टेरॉलच्या अॅटोरव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन, बीपीच्या फेलोडिपिनसारख्या काही गोळ्या त्यात येतात. हे सापडलं तेपण गंमतशीर, १९८९ च्या सुमारास कॅनडात फेलोडिपिन आणि दारू एकत्र घेतल्यावर काय होतं ते तपासत होते, दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि गडबड निघाली रसातच. पपनसातही ती द्रव्यं असतात, त्यामुळे फळ बदलून सुटका नाही. चाळिशीपुढचे पाहुणे असतील तर सरळ विचारा, लाजू नका. रोजची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टर, आणि "सकाळी घेतली होती, आता रात्र झाली" हा हिशोब इथे चालत नाही, रसाचा परिणाम दिवसभरापेक्षा जास्त टिकू शकतो.

वय आणि परमिट. महाराष्ट्रात असल्या कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं, शिवाय राज्य उत्पादन शुल्क विभागाचं परमिट. एक दिवसाचं, वर्षाचं, आजन्म असे प्रकार आहेत. ओळखपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो एवढं जवळ ठेवा, अर्ज ऑनलाइन होतो. आजन्मच काढून टाका, कटकट मिटते.

बाटली आणायची कशी. परदेशातून येताना माणशी २ लिटर दारू ड्यूटी फ्री आणता येते. सापळा असा की मधे विमान बदलायचं असेल तर दुकानदाराने सील केलेली पिशवी शेवटपर्यंत फोडायची नाही. मी लेबल वाचायच्या हौसेने फोडली आणि पुढच्या सिक्युरिटीला बाटली गेली, चूक शंभर टक्के माझी. गोव्यात स्वस्त मिळाली म्हणून डिकीत टाकून परमिटशिवाय बॉर्डर ओलांडू नका, चेकपोस्टवर गाडीसकट अडकाल.

३. बाटली निवडताना

लेबलवर "१०० टक्के आगावे" किंवा "मागेय" लिहिलेलं हवं, दोन्ही घायपातीचीच तिकडची नावं. मेस्काल हे नाव १९९४ पासून मेक्सिकोतल्या ठराविक भागांपुरतं राखीव आहे आणि सगळ्यात जास्त मेस्काल वाहाकातच होते. चांगल्या बाटलीवर घायपातीची जात, गाव, बनवणाऱ्याचं नाव असं सगळं छापलेलं असतं, आपल्या सातबाऱ्याइतकं.

ज्यूस घालून प्यायचं असेल तर एस्पादिन जातीची, होवेन म्हणजे न मुरवलेली, पाण्यासारखी स्वच्छ घ्या. एस्पादिन लागवडीखाली आहे, साधारण सहा ते आठ वर्षांत तयार होते, म्हणून त्यातल्या त्यात परवडते. तोबाला वगैरे जंगली जातींना त्याहून जास्त वर्षं लागतात, तसली बाटली कोणी दिली तर तिच्यात रस ओतणं म्हणजे हापूसचा मिल्कशेक करण्यासारखं आहे, होतो चांगला पण जीव तुटतो. ती नुसतीच, घोट घोट. काका ती चर्चमधे मेणबत्ती लावायच्या जाड काचेच्या पेल्यात द्यायचे, तिकडे तशीच पद्धत आहे.

बाटलीत अळी असलेली आणू नका. ती जुनी परंपरा वगैरे काही नाही, विसाव्या शतकातली विक्रीची आयडिया आहे.

बाटली महाग आणि एकच आहे? मग हे वाचा. न्यूयॉर्कच्या डेथ अँड कंपनी बारमधे फिल वॉर्डने २००७ साली ओल्ड फॅशन्डमधे (एरवी व्हिस्कीचं जुनं कॉकटेल) टकीला जास्त आणि मेस्काल थोडी अशी मोट बांधली आणि ते ड्रिंक जगभर गेलं. आपणपण तेच करायचं, ४५ मिली टकीला आणि १५ मिली मेस्काल. धूर पुरेसा येतो आणि बाटली चौपट चालते. टकीलाऐवजी भारतात दख्खनच्या घायपातीपासून केलेल्या दारू मिळतात त्यापण चालतात. मी स्वतः आता बहुतेक वेळा असंच करतो, पूर्ण ६० मिली मेस्काल फक्त खास माणसांना.

४. सामान

बारचं किट विकत घेऊ नका. हे पुरतं:

- घट्ट झाकणाची जॅमची किंवा लोणच्याची काचेची बरणी (लोणच्याची असेल तर झाकणाचा रबर हुंगून बघा, वास जात नाही)
- चहाची गाळणी
- कफ सिरपचं मापाचं टोपण, ५ आणि १० मिलीच्या रेषा असलेलं, गरम पाण्याने तीनदा धुतलेलं
- उंच ग्लास
- सालकाढणं

आणि प्यायचं सामान, एका ग्लासाचं: मेस्काल ६० मिली, ग्रेपफ्रूटचा ताजा रस ६० मिली, लिंबाचा रस १५ मिली, साखरेचा पाक १० ते १५ मिली, मिठाचं पाणी ५-६ थेंब, साधा सोडा ६० मिली, बर्फ. टोपण आहे म्हणून मापूनच घाला. अंदाजपंचे ओतलं की पहिला ग्लास फर्मास होतो आणि दुसरा का नाही झाला ते कळत नाही.

मूळ ड्रिंक मेक्सिकोतलं पालोमा, म्हणजे कबुतर. त्यात टकीला, लिंबू, मीठ आणि ग्रेपफ्रूटचा गोड सोडा असतो. आपण टकीलाच्या जागी मेस्काल आणि गोड सोड्याच्या जागी खरा रस आणि साधा सोडा घेतोय.

५. फळ

ह्यूस्टनला हिवाळ्यात रिओ ग्रांदे खोऱ्यातली लाल ग्रेपफ्रूटं ढिगाने यायची, टेक्सासचं ते अधिकृत राज्यफळच आहे. इकडे मोठ्या सुपरमार्केटमधे आयात केलेलं मिळतं आणि भाव बघून परत ठेवलं जातं. मिळालं तर हातात जड लागणारं घ्या, चकचकीत दिसतंय म्हणून नको.

नसेल तर पपनस. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याच्या संकरातून अठराव्या शतकात बार्बाडोसला झालेलं फळ आहे, म्हणजे पपनस त्याचं जन्मदातंच झालं. गणपतीच्या सुमारास बाजारात दिसायला लागतं, गोव्यात तोरंज म्हणतात आणि चवथीला माटोळीला बांधतात. फक्त त्याचा रस यंत्राने काढू नका. फोडीवरचं पांढरं कातडं हाताने सोलून आतले मोतीच घ्यायचे, बरणीत पळीच्या दांड्याने कुटायचे आणि गाळायचे. वेळ लागतो, गप्पा मारणारं कोणीतरी सोबत बसवा. पपनसाला कडवटपणा कमी असतो, म्हणून साध्या सोड्याच्या जागी अर्धं टॉनिक वॉटर घाला, क्विनाइनमुळे राहिलेला कडूपणा येतो. टॉनिक गोड असतं तेव्हा पाक कमी करा.

मोसंबीपण चालते, टॉनिक आणि जास्तीचं लिंबू घालून, पण मोसंबीचा रस काढून ठेवला की तासाभरात कडू व्हायला लागतो, आणि हा कडूपणा चांगल्यातला नाही. कुठलंही फळ असो, रस ऐनवेळी काढा आणि साल पिळवटून काढू नका, सालीखालचा पांढरा मगज रसात उतरला की पाक ओतून ओतून थकाल. खोक्यातला ग्रेपफ्रूट ज्यूस आणलात तर तो आधीच गोड आहे का बघा, बहुतेक असतोच.

६. पाक, मीठ, आणि ग्लासाची कड

पाक एकास एक. वाटीभर साखर, वाटीभर पाणी, विरघळली की झालं, उकळी आणून तार काढत बसू नका, लाडू करायचे नाहीयेत. घरात काकवी असेल तर पाकातला अर्धा भाग काकवी घालून बघा, धुराशी तिचं इतकं जमतं की मला वाटतं हे ड्रिंक कोल्हापूरकडेच शोधायला हवं होतं. पूर्ण काकवी नको, रंग चहासारखा होतो.

मिठाचं पाणी ही या सगळ्यातली खरी किल्ली आहे. ८० मिली पाण्यात २० ग्रॅम मीठ विरघळवून छोट्या बाटलीत ठेवा. मीठ कडूपणा दाबतं, म्हणजे साखर न वाढवता फळ गोड लागतं. विश्वास नसेल तर दोन ग्लास करून एकात घाला, एकात नको, शेजारी ठेवून घोट घ्या. मी हे घरी सासऱ्यांना करून दाखवलं (गोळी नाही घेत ते, विचारलं होतं), एरवी कॉकटेल म्हणजे पोरखेळ म्हणणारा माणूस बिनमिठाचा ग्लास सरकवून म्हणाला हा तूच पी.

कडेला लावायला जाडं मीठ, थोडं लाल तिखट, किसलेली लिंबाची साल. वाहाकात यासाठी मीठ, मिरची आणि घायपातीवरच्या अळ्या वाळवून कुटून केलेली पूड असते, संत्र्याच्या फोडीला लावून मेस्कालबरोबर खातात, चव धुरकट-खारट, सुक्या जवळ्याची आठवण येते. आपल्याकडे ब्याडगीचं तिखट उत्तम, रंग येतो आणि जीभ जळत नाही. कांदा-लसूण मसाला नको, चाट मसाला पण नको, त्यातल्या काळ्या मिठाचा वास धुराच्या अंगावर येतो. आणि कड अर्धीच लावा, म्हणजे ज्याला नको तो दुसऱ्या बाजूने पिईल.

७. बर्फ

फ्रीजरमधे शेजारी बोंबील नाहीतर मटार असेल तर बर्फाला त्याचा वास लागतोच. आदल्या रात्री पिण्याचं पाणी स्टीलच्या वाट्यांत भरून वर झाकण ठेवून लावा. वाटीएवढा एक तुकडा ग्लासात हळू वितळतो, ट्रेमधले चिल्लर तुकडे बरणीत हलवायला ठेवा.

८. आता करा

लिंबाची फोड ग्लासाच्या अर्ध्या कडेवर फिरवा, ती कड मीठ-तिखटात टेकवा. मोठा बर्फ ग्लासात.

बरणीत मेस्काल, रस, लिंबू, पाक, मिठाचे थेंब. बर्फाचे लहान तुकडे अर्ध्या बरणीपर्यंत. झाकण घट्ट, वर फडकं गुंडाळा आणि १०-१२ सेकंद जोरात हलवा, बरणीला बाहेरून दव धरलं की थांबा. चव बघायची तर आत्ता, चमच्याने. ती जरा जास्तच आंबट-तीव्र लागली पाहिजे, कारण सोडा पडायचाय.

चहाच्या गाळणीतून ग्लासात. वरून सोडा, तिरक्या धारेने, चमच्याने खालून वर एकदाच हलवा.

सोडा बरणीत घालून हलवायचा नाही. हे लिहावं लागतंय कारण माझ्या भावाने हलवला, झाकण ट्यूबलाइटला लागलं आणि ग्रेपफ्रूटचा डाग छतावर अजून आहे.

शेवटी सालीचा दोन बोटं रुंद पट्टा काढा, रंगीत बाजू ग्लासाकडे करून चिमटीत मुडपा. उजेडात बघाल तर बारीक तेलाचा फवारा उडताना दिसतो. नाकाला आधी तोच लागतो, धूर त्याच्या मागून येतो. धूर वाढवायला रोझमेरी जाळणं, दालचिनी पेटवून ग्लास उपडा घालणं हे व्हिडिओत छान दिसतं, पिताना जळक्या काडीचा वास येतो, बाकी काही नाही.

९. जमलं नाही तर

कडू लागतंय: आधी मिठाचे दोन थेंब, मग पाक. उलटं करू नका.
नुसताच धूर, टायर जळाल्यासारखं: अर्धी मेस्काल काढून टकीला.
धूर लागतच नाही: पाक जास्त झालाय, किंवा लिंबू कमी. मेस्काल वाढवणं हा शेवटचा उपाय.
पाणचट: बर्फ जुना ओला होता, किंवा गप्पा मारत मिनिटभर हलवलंत.

एक हिशोब मात्र डोक्यात असू दे. ४५ टक्क्यांची ६० मिली मेस्काल म्हणजे २७ मिली शुद्ध अल्कोहोल, आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या लार्ज पेगपेक्षा थोडं जास्तच. रसामुळे ते कळत नाही आणि तिसरा ग्लास सरबतासारखा जातो. गाडीची चावी आधीच कोणाकडे तरी द्या.

न पिणाऱ्यांसाठी लापसांग सूशाँग नावाचा चिनी चहा मिळतो, पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला. कडक करून गार करा आणि मेस्कालच्या जागी ६० मिली घाला, बाकी सगळं तेच. माझ्या आईला हेच आवडतं, फक्त ती सोडा नको म्हणते.

१०. सहा जणांसाठी

एकेक हलवत बसलात तर तुम्हाला प्यायला मिळणार नाही. मेस्काल ३६० मिली (किंवा टकीला २७० आणि मेस्काल ९०), रस ३६०, लिंबू ९०, पाक ७५, आणि १५० मिली थंड पाणी, हे पाणी विसरायचं नाही कारण हलवताना बर्फ वितळून जे पाणी येतं त्याच्याबदली ते आहे. मिठाचं पाणी मात्र सहापट करू नका, आधी चमचाभर घालून हलवा, चाखा, मग वाढवा. मोठ्या जगमधे झाकून दोन तास फ्रीजमधे, त्याहून आधी करून ठेवू नका, रस कडवतो. प्रत्येक ग्लासात साधारण १७० मिली आणि वर सोडा. जग स्टीलचा असेल तर चालेल, तांब्या-पितळेचा नको, आंबट रस आहे, कळकेल.